पडायचं तर सुटं पडा

मंडळी, मुलांना घोडेस्वारी शिकायला पाठवणारे आईबाप पहिल्याच दिवशी विचारतात, "पडणार तर नाही ना?" पडणार. मांड कितीही पक्की असली तरी कधी ना कधी माणूस पडतोच. मला धास्ती असते ती अडकण्याची. स्वार खाली आला आणि घोडा पुढे निघून गेला, तर पुष्कळदा खरचटण्यावर किंवा हात मोडण्यावर निभावतं. पाय रिकिबीत, म्हणजे खोगिराला टांगलेल्या पाय ठेवायच्या कडीत, अडकला, तर मात्र माणूस फरफटत जातो. आपल्या पायांशी काहीतरी ओढलं जातंय, या भीतीनं घोडा आणखीच जोरात पळतो. तो दुष्टपणानं नाही पळत. हजारो पिढ्या वाघ-लांडग्यांपासून पळूनच हा प्राणी जगला आहे. आधी पळायचं, मग बघायचं, हा त्याचा स्वभाव.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे जवळजवळ सगळा परीघ त्याला दिसतो, पण शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या अगदी पुढे काही दिसत नाही. तिथून अचानक हात लागला तर लाथ बसणारच. जवळ जाताना बोलत बोलत, खांद्याच्या बाजूनं जा. कान मागे चिकटले असतील तर तिथंच थांबा.

आता दोरी. घोडा चालवत नेताना शंभरातले नव्वद लोक दोरी हाताला गुंडाळतात, पकड घट्ट राहावी म्हणून. हे करू नका, पाया पडून सांगतो. साडेतीनशे-चारशे किलोंचं जनावर दचकून मागे सरकलं की तो वेढा आवळतो आणि बोटं जातात. जादा दोरीच्या घड्या घालून त्या मुठीत धरा, म्हणजे मूठ उघडली की हात मोकळा. बांधतानाही तेच. लगामानं कधी बांधू नका, मोरकीच्या, म्हणजे तोंडाभोवतीच्या साध्या पट्ट्याच्या, दोरीनं बांधा, गाठ सुरगाठच मारा, एका हिसक्यात सुटेल अशी. कडीला आधी सुतळीचा एक फेर घालून त्यात दोरी बांधली तर फारच उत्तम. घोडा घाबरून मागे रेटायला लागला तर सुतळी तुटू दे, त्याची मान वाचेल आणि मध्ये सापडलेला माणूसही.

हात सुटे नसले तर काय होतं, हे क्रिस्टोफर रीव्हच्या अपघातात दिसतं. 27 मे 1995 रोजी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या कल्पेपरला एका स्पर्धेत घोडा अडथळ्यापाशी अचानक थांबला आणि हा अभिनेता पुढे फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट होतं. पण हात लगामाच्या साजात गुंतले, स्वतःला सावरता आलं नाही आणि तो डोक्यावर आपटला. मानेचे वरचे मणके मोडले. मानेखालचं शरीर उरलेलं आयुष्य लुळं राहिलं.

आपल्याकडे मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते माथेरान. तिथं मोटारींना बंदी, त्यामुळे गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून पुष्कळजण घोडा घेतात. लहान मुलाचे पाय रिकिबीपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून ते वरच्या चामडी पट्ट्यांच्या मध्ये खुपसून देतात. मूल स्थिर बसल्यासारखं दिसतं, आईबाप फोटो काढतात. पण त्या पट्ट्यातून पाय सुटत नाही! मूल कललं की टाच अडकलीच. पट्टा आखूड करून मागा. होत नसेल तर पाय मोकळे लोंबू द्या, घोडेवाल्याला दोरी धरून चालत यायला सांगा आणि "भाऊ, जरा पळवा की" हे तर म्हणूच नका. वाट लाल मातीची, दगडांची, त्यात माकडं अंगावर झेपावतात. घोड्याला बुजायला एवढं पुरे.

मोठ्यांसाठीही मोजमाप सोपं आहे. बुटाच्या दोन्ही बाजूंना रिकिबीत बोटभर फट हवी. पायाचा फक्त चवडा आत, टाच खाली. थोडी टाच असलेला बंद बूट घाला. सपाट चप्पल आरपार निसटते आणि पाऊल घोट्यापर्यंत आत जातं. ओढणी, गळ्यातली पिशवी, कॅमेऱ्याचा पट्टा उतरवून ठेवा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना काही घोडे पोट फुगवतात, म्हणून चार पावलं चालवून, स्वार होण्याआधी तंग पुन्हा तपासा. खोगीर फिरलं तर तुम्ही त्याच्या पोटाखाली जाता, पाय रिकिबीत तसेच.

हेल्मेट घोडेस्वारीचंच घ्या, हनुवटीचा पट्टा लावा. एकदा जोरात आपटलं की ते बाद, वरून तडा दिसो न दिसो.

आणि कुणी पडलाच, तर त्याला लगेच उठवून बसवू नका. मान दुखतेय का, हातापायांना मुंग्या आहेत का, विचारा. शंका आली तर डोकं आहे तसं धरून ठेवा, हेल्मेट ओढून काढू नका आणि रुग्णवाहिका बोलवा. ती माथेरानलाही चालते. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा, कारण लिदीत आणि तबेल्याच्या मातीत ते जंतू हमखास असतात.