पहाटे तीनची नोंद

(दृश्य: खारघर, रात्र. अतिदक्षता विभागाची खिडकी. बाहेर टेकडीचा काळा कडा.)

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ३० वर्षं पाठीवर गोणी वाहिलेले हे काका. गाठ झाली ती छातीला, काखेखाली, बरगडीच्या कुर्चेतून वाढलेली. परवा ती काढली. सोबत ४ बरगड्या आणि वरची कातडीही गेली.

नुसतं झाकून भागत नाही. बरगड्यांचा आधार गेला की श्वास घेताना तेवढा भाग उलटा आत ओढला जातो. म्हणून आधी जाळी शिवली. पण जाळीवर जिवंत, रक्त खेळतं मांस लागतं. सहसा पाठीचा रुंद स्नायू मुळाशी जोडलेला ठेवूनच पुढे वळवतात. काकांच्या त्या स्नायूची रक्तवाहिनी गाठीसोबतच काढावी लागली. आयुष्यभर राबलेली पाठ इथे उपयोगी पडली नाही.

१७९४ साली लंडनच्या एका मासिकात कावसजी नावाच्या बैलवाल्याची हकीकत छापून आली होती. कापलेलं नाक कपाळाची कातडी फिरवून पुन्हा केलेलं. पण त्या कातडीचा देठ कपाळालाच होता. काकांच्या मांडीचा तुकडा देठासकट तोडून वर आणला. देठात एक धमनी आणि बारीक शिरा, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरच्या. त्या उरोस्थीलगतच्या वाहिन्यांना जोडल्या, सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने. चिमटा सुटला आणि फिकट मांस गुलाबी होत गेलं. तेव्हा आमच्या कॅमेऱ्याचा हात हलला. ते दृश्य तसंच ठेवलंय.

(दृश्य: घड्याळ. पहाटेचे ३.)

आता सगळी भिस्त सिस्टरच्या बोटावर. दर तासाला.

"काका, हात लावते हं."

मांडीचा तो तुकडा, म्हणजे फ्लॅप, दाबून सोडायचा. रंग दोनेक सेकंदांत परतला पाहिजे. फ्लॅप पांढरा, गार पडला तर धमनी तुंबली. शीर तुंबली की फसगत होते: रंग उलट झटकन परततो, नवख्याला वाटतं झकास चाललंय, आणि फ्लॅप जांभळा पडत जातो. मग हाती थोडेच तास असतात. सर्जनला उठवायचं, थिएटर उघडायचं.

सिस्टर डॉप्लरची, रक्ताची धाव ऐकवणारी पेन्सिल टेकवते. सूं… सूं… सूं…

काका डोळे उघडतात. "ताई, ह्ये काळीज वाजतंय का माझं?"

"नाही काका. मांडी आहे ती तुमची."