मोकळा हात

कयाकमधून, म्हणजे अरुंद, छोट्या वल्हवायच्या होडीतून, गळ टाकणाऱ्याला दोन हात कमी पडतात. मासा दडलेला असेल असं झुडूप समोर असतं, आमिष टाकून झालेलं असतं आणि नेमकी तेव्हाच वाऱ्याने कयाक तिरकी होते. आता अडीच मीटरचं दुपाती वल्हं उचलायचं, तर दोन्ही हात लागणार. म्हणजे रॉड, गळाची काठी, खाली ठेवायचा आणि मासा तर तेवढ्याचीच वाट बघत असतो.

यासाठी हातवल्हं. एका हातात मावणारं, आखूड दांड्याचं, रुंद पात्याचं. काहींच्या टोकाला आकडा असतो, त्याने फांदी धरून जागेवर थांबता येतं. एक गैरसमज आधीच काढून टाकतो. हे प्रवासाचं साधन नाही. याने किनारा गाठायला निघालात तर खांदे भरून येतील आणि किनारा तिथेच राहील. याचं काम हातभर सरकण्याचं, कयाकचं टोक थोडं वळवण्याचं.

बहुतेक जण रॉड उजव्या हातात धरतात आणि दोर गुंडाळायचं रीळ डाव्याने फिरवतात. म्हणजे वल्हं पडणार डाव्या हातात आणि पाणी कापायचं तेही डाव्याच बाजूला. डावीकडे पाणी मागे लोटलं की पुढचं टोक उजवीकडे वळतं, पुढे लोटलं की डावीकडे. एकाच बाजूने वल्हवून दोन्हीकडे वळता येतं. ही गोष्ट इतकी साधी आहे की कोणी शिकवत नाही. मी स्वतः बरेच दिवस दर वळणाला रॉड या हातातून त्या हातात घेत होतो!

आता कयाक वळवायची नाही, नुसती डावीकडे सरकवायची आहे. पातं कमरेच्या रेषेत, कयाकपासून थोडं लांब, उभं बुडवा आणि पुढे-मागे फिरवत राहा. गवंडी भिंतीवर थापी फिरवतो ना, ज्या दिशेला थापी जाते तिकडची कड किंचित उचललेली असते. तसंच इथे. ज्या दिशेला पातं चाललंय तिकडची कड कयाकपासून जराशी बाहेर झुकलेली हवी. कयाक पात्याकडे ओढली जाते. हेच गुडघ्यापुढे केलंत तर सरकण्याऐवजी टोक वळेल.

यात पातं पाण्याबाहेर येतच नाही. ना थेंब, ना छपाक. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा, म्हणजे कुशीवरची संवेदनशील रेघ, जवळची हालचालही टिपते. दांडा कयाकच्या कडेवर आपटला तर सगळं मुसळ केरात. दांड्याला जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळा, खडखडाट थांबतो.

मासा लागल्यावर तर याची खरी गंमत. मोठा मासा दोर ओढून नेत असतो तेव्हा रीळ फिरवून काही हाती लागत नाही, उलट काही रिळांवर दोराला पीळ बसतो. म्हणजे तेवढा वेळ डावा हात रिकामाच असतो. त्या हाताने टोक माशाकडे वळवा. मासा समोरून ओढत असेल तर कयाक त्याच्यामागे जाते आणि तोच दमतो. आडवा ओढत असेल तर कयाक कलंडायची भीती.

वाऱ्याशी मात्र भांडू नका. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला जा आणि वाहत खाली या. हातवल्ह्याने फक्त दिशा राखायची. वारा वाढला की मोठं वल्हं, दुसरा विचार नाही.

विकत घेताना तुमच्या आसनावर बसून हात खाली सोडून बघा. उंच आसनाच्या रुंद कयाकमध्ये आखूड दांडा पाण्यापर्यंत पोचतच नाही आणि वाकायला गेलात की तोल जातो. वल्हं दोरीने आसनाला बांधा, मनगटाला कधीच नाही. वाहत्या पाण्यात उलटलात आणि वल्हं फांदीत अडकलं, तर हात सुटायला हवा.