कंदिलासमोर धरलेली चानी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय बकऱ्याच्या खारवून वाळवलेल्या मटणाबद्दल. आमच्या मराठवाड्यात याला चान्या म्हणतात. एक पट्टी असली तर चानी, दोरीभर असल्या तर चान्या. कितीतरी मुस्लिम घरांतही बकरी ईदनंतर अंगणात अशाच दोऱ्या बांधल्या जातात, तिथे सुका गोश्त म्हणतात.

शाळेत असताना मी हा शब्द कधी मोठ्यानं उच्चारला नाही. डब्यात चान्याची चटणी असली की डब्याचं झाकण अर्धवट उघडून जेवायचे. ज्या घरांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या घरांच्या पंक्तीला गाव बसत नव्हतं. म्हणून आज आकाशवाणीच्या या माइकसमोर तो शब्द मी मुद्दाम पुन्हा म्हणते. चान्या. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडेही बकऱ्याच्या चान्या म्हणजे चैनच. बकरं हे विकायचं धन. ते घरात कापलं जायचं नवसाला, नाहीतर कंदुरीला, म्हणजे बोललेलं बकरं कापून दिलेल्या जेवणाला.

तर मी तुम्हाला अशाच एका कंदुरीची गोष्ट सांगते.

1981 चा उन्हाळा. मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होते, अन्नशास्त्राचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीला गावी आले होते. माझ्या धाकट्या भावासाठी बोललेली कंदुरी राहिली होती. वडिलांनी दोन बकरे घेतले, शंभरेक माणसांना सांगावे धाडले. सकाळी बकरे कापले, चुली पेटल्या, आणि दहाच्या सुमाराला निरोप आला की माझ्या आत्याच्या सासरी मयत झाली. अर्धे पाहुणे तिकडे वळले. जे आले ते दोन घास खाऊन निघाले. एक बकरा शिजला आणि दुसरा तसाच राहिला. वैशाखातलं ऊन, पत्रा हाताला चटके देतोय, आणि अख्ख्या गल्लीत बर्फाचा खडा मिळायचा नाही.

वडील डोक्याला हात लावून बसले. आजी उठली आणि म्हणाली, "इळी काढा. कंदिलात तेल घाला."

विळीबद्दल एक सांगू का? हल्ली नव्या स्वयंपाकघरांत विळी दिसत नाही. ओटे उंच झाले, सगळ्यांच्या हातात सुऱ्या आल्या. पण विळीवर दोन्ही हात मोकळे राहतात. एका हातानं मांस ओढायचं, दुसऱ्या हातानं ढकलायचं, पातं जागचं हलत नाही. पातळ कापण्यासाठी याहून चांगलं हत्यार मी तरी पाहिलेलं नाही. असो.

आजीनं काय केलं? रानाचं, म्हणजे मांडीचं, मांस सोडवून घेतलं. त्यावरची चरबी आणि पांढरा पडदा काढून टाकला. मुठीएवढा गोळा विळीवर धरला आणि तो कापून तोडायच्या ऐवजी उलगडत नेला. वीतभर गेली की गोळा फिरवायचा, पुन्हा वीतभर. एका गोळ्यातून हातभर लांबीची अखंड पट्टी निघाली. मग तिनं ती पट्टी कंदिलासमोर धरली. पलीकडची ज्योत लालसर दिसली. म्हणाली, "दिवा दिसला का? मग झालं. दिवा न्हाई दिसला की परत कापायचं."

हे लक्षात ठेवा, श्रोतेहो. दिवा दिसला पाहिजे. पातळ, एवढं पातळ.

मग मिठाची वेळ आली. परातीत साधारण दोन किलो पट्ट्या, त्यावर आजीनं खड्याचं मीठ कुटून मुठीनं टाकलं, हळद टाकली, लसणाचा गोळा चोळला. दुसऱ्या परातीत मीठ जास्त पडलेलं मला दिसलं. तिसऱ्या परातीत त्याहून जास्त. मी नुकतीच शिकून आलेली, मला ते सहन होईना. मी शेजारच्या किराणा दुकानातून तराजू आणि वजनं मागून आणली आणि आजीची मूठ मोजली. पहिल्या परातीला जवळपास 100 ग्रॅम, दुसरीला 120, तिसरीला 140. मी म्हणाले, "आजी, तुझं प्रमाण चुकायलंय. दर वेळी वेगळं कसं?"

ती म्हणाली, "पहिलं रानाचं हाय, कोरडं. हे खांद्याचं, ओलं. आन् हे मानंचं, त्यात पडदे लई. सारखं कसं टाकू?"

मला ते पटलं नाही. मी एक परात मागून घेतली. हिशेबानं नेमकं पाच टक्के मीठ मोजून घातलं. पण रात्रीचे अकरा वाजले होते, हात आंबले होते. माझ्या पट्ट्या बोटाएवढ्या जाड निघाल्या. मी त्या कंदिलासमोर धरल्याच नाहीत. मनात म्हटलं, मीठ बरोबर आहे ना, मग जाडीनं काय होतंय.

रात्रभर सगळं परातीतच झाकून ठेवलं. सकाळी परातींत तांबूस पाणी सुटलेलं. मिठानं ओढून काढलेलं पाणी ते. आजीनं पट्ट्या निथळल्या आणि बाभळीपासून वळचणीपर्यंत सुताची दोरी बांधून एकेक पट्टी वाळत घातली, एकीला दुसरी लागू न देता. वरून धुवट लुगड्याचा पातळ पदर टाकला, माश्या बसू नयेत म्हणून. कावळ्यांना हाकलायला माझ्या भावाच्या हातात काठी दिली. त्याच्यासाठीच तर कंदुरी होती, पण त्या पोरानं दोन दिवस जागचं न हलता राखण केली. संध्याकाळी सगळं घरात घ्यायचं, कारण रात्रीची दमट हवा चान्यांना चालत नाही. सकाळी पुन्हा बाहेर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या पट्ट्या आजीच्या पट्ट्यांपेक्षा सुंदर दिसत होत्या. वरून काळसर, चकचकीत, कातड्यासारख्या टणक. मी सगळ्यांना दाखवत फिरले. तिसऱ्या दिवशी आजीची चानी वाकवली की कट्‌कन मोडायची. माझी वाकायची, मोडायची नाही. चौथ्या दिवशी आजीनं माझी एक पट्टी विळीवर उभी चिरली. वरचा पापुद्रा कडक, आणि आत मांस ओलं, निळसर, बुळबुळीत. वास असा आला की भाऊ उठून बाहेर गेला.

आजी मला एक शब्द बोलली नाही. तिनं कुदळ आणून दिली. मी परसात खड्डा खणला आणि दोन किलो मटण स्वतःच्या हातानं पुरलं. आमच्या घरात त्या काळी महिन्यातून एकदा मटण शिजायचं. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईनं खडी फोडली होती आणि रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी गळ्याखाली उतरावी म्हणून चानीचा एक तुकडा चार माणसांत वाटला होता. ते सगळं त्या खड्ड्याकडे बघताना मला आठवत होतं. आजही आठवतं.

पुढच्या वर्षी वर्गात आमच्या सरांनी फळ्यावर वाळवणाचा आलेख काढला. म्हणाले, पदार्थ जाड असला आणि ऊन प्रखर असलं तर वरचा थर आधी सुकून घट्ट होतो, त्याची भिंत बनते, आणि आतलं पाणी आतच कोंडून राहतं. बाहेरून वाळल्यासारखं दिसतं आणि आतून सडतं. त्या तासाला मी वहीत काही लिहिलं नाही. मला माझी परात दिसत होती.

सुट्टीत जाऊन हे सगळं आजीला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मनापासून विचारलं, "मग तुमच्या कालिजात कंदील न्हाई का गं?"

तर श्रोतेहो, पातळ कापा. मीठ मोजा, पण आधी पातळ कापा.

आता थोडं शास्त्र, कारण घड्याळ पुढे सरकलंय. ताज्या मटणात चार भागांतले जवळजवळ तीन भाग पाणी असतं. जंतूंना वाढायला तेच पाणी लागतं. मीठ आणि ऊन मिळून ते काढून घेतात आणि उरलेलं पाणी मीठ धरून ठेवतं, जंतूंच्या हाती लागू देत नाही. एक किलो मटणाच्या चान्या भरतात साधारण 300 ग्रॅम. ताज्या बकऱ्याच्या मटणात 100 ग्रॅमला 20 ग्रॅम प्रथिनं. पाणी गेल्यावर तीच प्रथिनं दाटतात, त्यामुळे 100 ग्रॅम चान्यांत ती 50 ग्रॅमच्या पुढे जातात.

बकऱ्याचं मांस वाळवायला चांगलं का? बकऱ्याची चरबी मांसाच्या धाग्यांत कमी आणि पोटात, आतड्याभोवती जास्त असते. चरबी वाळत नाही, खवट होते. मांस जितकं कोरडं, तितकी चानी टिकाऊ. आमची काळी उस्मानाबादी शेळी या बाबतीत फार गुणी. माळावरचा पाला खाते, जुळी करडं देते, दुष्काळात तग धरते. आता वजन लवकर वाढावं म्हणून जो तो बाहेरच्या जातींशी संकर करायला धावतो. मला ते पटत नाही. आपल्या माळाला जुळलेली जात एकदा हातची गेली की परत कुठून आणणार? पण तो विषय वेगळा.

लोहाकडे मात्र लक्ष द्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. मटणातलं लोह शरीर सहज उचलतं, आणि सोबतच्या डाळीतलं, पालेभाजीतलं लोहही जास्त उचललं जातं. म्हणजे अंबाडीच्या भाजीत चानीचे चार तुकडे पडले की भाजीचंही मोल वाढतं. शिवाय बी-12 जीवनसत्त्व, जे धान्यात आणि डाळीत नसतंच. पण घरात मटण शिजलं की बाईच्या ताटात शेवटी काय येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. रस्सा येतो. फोडी संपलेल्या असतात. ही गोष्ट मला फार लागते.

आता मिठाचा हिशेब. एक किलोला 50 ग्रॅम मीठ, आणि चान्या भरल्या 300 ग्रॅम. ते सगळं मीठ आतच राहिलं असं धरलं, तर 30 ग्रॅम चान्यांत पाच ग्रॅम मीठ होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाच्या दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं. म्हणून चान्या भिजवायच्या, आणि भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं. त्या पाण्यात चव आहे म्हणून ठेवू नका, त्यात मीठ आहे. वाळवताना मीठ, शिजवताना नाही. पुन्हा सांगते, वाळवताना मीठ, शिजवताना नाही. रक्तदाब असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी चान्या खाऊच नयेत. इतरांनीही रोज खाऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 साली खारवलेलं, धुरावलेलं, प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. आमच्या घरी चान्या चवीपुरत्याच असत, आणि त्या तशाच असाव्यात.

शिजवायचं कसं? कोमट पाण्यात धुऊन अर्धा-पाऊण तास भिजवा. पाणी फेका. दुसऱ्या पाण्यात तुरीची किंवा हुलग्याची डाळ आणि चान्या एकत्र घालून कुकरला सहा शिट्ट्या. मग लसणाची फोडणी, येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, पाण्यात कालवून वरून ओतायचा, चिंचेचा कोळ थोडा. आंबटानं धागा मऊ पडतो. चव घेऊन मगच मिठाला हात लावा. बहुतेक वेळा लागतच नाही.

आणि चटणी करायची असेल, तर चान्या धुऊन भिजवून पुसून घ्या, तव्यावर थेंबभर तेलात मंद आचेवर आतपर्यंत चांगल्या भाजा. गार झाल्या की खलबत्त्यात घालून कुटा. मिक्सरमध्ये भुगा होतो, खलबत्त्यात धागे सुटतात. त्यात भाजलेला लसूण, सुकी मिरची, तिळाचं कूट. वर लिंबू पिळा. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरतानाच ताट वाढा, चटणीला गरम भाकरी लागते.

साठवायच्या चान्या गाडग्यात किंवा काचेच्या कोरड्या बरणीत ठेवा. पावसाळा लागायच्या आत संपवा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी ती बरणी टाकून द्यायची, खरवडून खायची नाही. आणि पहिल्यांदा करणार असाल, तर अर्धाच किलो घ्या, रानाचं घ्या, आणि रात्री दिव्यासमोर धरून बघा.

नमस्कार.