बर्फातलं रक्त

[स्वयंपाकघर. सकाळ. टेबलावर गोळ्यांची डबी.]

सकाळचे सात. चहा व्हायचाय, गोळी मात्र झाली. आता काकांचा हात शांत होईपर्यंत दोघंही फारसं बोलत नाहीत.

ही गोळी लिव्होडोपाची. हे अमिनो आम्लच. आतड्यातून रक्तात, रक्तातून मेंदूत. तिथे त्याचं डोपामिन होतं, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारं मेंदूतलं रसायन. 1967 पासून, जॉर्ज कोट्झियास यांच्या प्रयोगांनंतर, पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, उपचारांचा कणा हाच.

[प्रयोगशाळा. रक्ताची नळी बर्फात ठेवली जाते.]

साखरेची नळी स्टँडवर, ही मात्र थेट बर्फात. हिच्यात मोजायचंय होमोसिस्टीन. हेही अमिनो आम्ल, पण ते ताटातून येत नाही, शरीरातच तयार होतं. रक्त काढल्यावरसुद्धा नळीतल्या तांबड्या पेशी ते बनवतच राहतात. म्हणून बर्फ, म्हणून ही घाई. उशीर झाला की आकडा उगाच फुगतो.

[सेंट्रिफ्यूज फिरतंय.]

ते फिरतंय तोवर पुन्हा गोळीकडे. सगळं लिव्होडोपा मेंदूपर्यंत पोचत नाही. वाटेत कॉम्ट नावाचं एन्झाइम त्याला मिथाइल गट चिकटवतं. हा गट मेथिओनिन या अमिनो आम्लापासून बनलेल्या एका रेणूकडून घेतलेला असतो. तो देऊन झाला, की त्या रेणूचं पुढे होमोसिस्टीन होतं. दिवसातून कितीदा तरी गोळी, तीही वर्षानुवर्षं. बी12 आणि फोलेट ही जीवनसत्त्वं पुरेशी असतील तर होमोसिस्टीनचं परत मेथिओनिन होतं. फोलेट पालेभाज्यांतून मिळतं, ते काकूंना शिकवायला नको. पण बी12?

[पुण्यातला रस्ता. भाजीची गाडी.]

इथेच, पुण्यात, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गावातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले 441 पुरुष तपासले. 2006 साली आकडे छापून आले: 67 टक्क्यांचं बी12 कमी, 58 टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त. हे काही पार्किन्सन्सचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. आपल्याकडे गोळी सुरू होते तीच अशा रक्तात.

वाढलेल्या होमोसिस्टीनचा संबंध हृदयविकाराशी, पायांच्या बधिरतेशी, विस्मरणाशी दिसतो. ते कारण की नुसती खूण, यावर वाद आहे. लिव्होडोपा मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही.

[रिपोर्ट. काकूंचं बोट एका ओळीवर.]

होमोसिस्टीनची मर्यादा 15. काकांचा आकडा पुढे गेलाय. खालच्या ओळीत बी12, तेही कमी.

[पुन्हा स्वयंपाकघर. सकाळचे सात.]

डबीत आज एक गोळी जास्त आहे. लाल.