परड्यातला रातांबा आणि राईतला रातांबा

मंडळी, मगाशी प्रास्ताविकात म्हटलं गेलं की कोकणातलं परडं, म्हणजे घरामागची झाडांची जागा, हे छोटं रानच. ऐकायला गोड आहे. मीही वर्गात बरीच वर्षं हेच सांगत आलो. आज त्याच वाक्याशी जरा भांडायचं आहे.

आधी मोजणी. रानात आम्ही दोरीनं दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखतो, साधारण १.३ मीटर उंचीवर प्रत्येक खोडाला टेप गुंडाळतो आणि जात लिहितो. परड्यात वयीच्या, म्हणजे झाडाझुडपांच्या कुंपणाच्या, आतलं सगळंच मोजायचं. (नारळ-पोफळ शास्त्राप्रमाणे खऱ्या लाकडाची झाडं नव्हेत, पण ती वगळली तर आमच्या परड्यात उरेल काय?) मग शॅनन निर्देशांक काढायचा, म्हणजे जाती किती आणि झाडं त्यांच्यात किती सारखी वाटली गेली, याचा एकच आकडा. हा मूळचा आमच्या वनस्पतिशास्त्रातला नाहीच. क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये तारांवरून जाणाऱ्या संदेशांचा हिशोब मांडला, त्यातून तो आला. आता समजा, परड्यात वीस झाडं आहेत आणि वीसही वेगळ्या जातींची. उत्तर येतं ३. रानात शंभर झाडं, जाती वीसच, पण एक्क्याऐंशी झाडं एकट्या अंजनीची. उत्तर जेमतेम १. कागदावर परडं जिंकलं! त्या वीसांत काजू ब्राझीलहून पोर्तुगिजांबरोबर आलेला, चिकू मध्य अमेरिकेतला, जायफळ बांदा बेटांवरचं, हे आकडा सांगत नाही.

आणि आणखी एक गोष्ट आकडा सांगत नाही. रातांबा घ्या, म्हणजे कोकम, गोव्याकडे ज्याला भिरंड म्हणतात. हे झाड पश्चिम घाटातलंच, आपल्या रानातून परड्यात आलेलं. बी रुजवून केलेली रोपं सात-आठ वर्षांनी फुलतात, आणि तोवर नर कोण, मादी कोण, पत्ता लागत नाही. साधारण निम्मी नर निघतात. फूल हातात घेऊन बघा: मादी फुलात मधोमध हिरवी गोल गाठ असते, नुकत्या धरलेल्या भोपळ्यासारखी, नर फुलात त्या जागी पुंकेसरांचा पिवळट झुबका. आमच्या परड्यात एक असाच झुबकेवाला वाढला होता. शेजारी म्हणाले, “मास्तरांनू, ह्यो नर आसा. कित्याक ठेवलास?” खरंच, कशाला? ना आमसूल, ना बियांच्या तेलाचं मुठेल. दुसऱ्या दिवशी कोयता फिरला. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या परड्यात!

आता तर दापोलीच्या कृषी विद्यापीठानं निवडलेल्या ‘कोकण अमृता’सारख्या जातींची कलमं मिळतात. शेतकऱ्याची सात-आठ वर्षांची टांगणी सुटली, हे चांगलंच झालं. पण एका कलमाच्या दहा प्रती म्हणजे झाडं दहा असली तरी वाण एकच. राईतले, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानातले, दहा रातांबे घ्या: कुणाचं फळ लिंबाएवढं, कुणाचं सुपारीएवढं, कुणी लाल, कुणी काळपट, कुणी पावसाच्या तोंडाशी पिकणारं. यादीत मात्र दोन्हीकडे एकच ओळ: रातांबा.

कोयत्यानंतर परड्याचं दुसरं हत्यार झाडू. रानात फणसाखाली पातेऱ्यात त्याची पोरं उगवतात. बहुतेक मरतात, एखादं वर येतं. आपल्याकडे खळं, म्हणजे अंगण, रोज झाडलं जातं. म्हणून परड्यात आजोबांनी लावलेला फणस असतो, पण त्याचा नातू नसतो.

रान आणि परडं यांची खरी स्पर्धा मात्र पाण्याची. दोडामार्गजवळ बांबर्डे-हेवाळे इथे देवराईत रानजायफळाची दलदल आहे. २०२१मध्ये तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र केवढं, तर सुमारे अडीच हेक्टर. तशीच गोव्यात सत्तरीत निरंकाराची राय. बारमाही व्हाळाच्या (ओढ्याच्या) चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर आलेली असतात. बी सुकलं की मेलं, त्यामुळे या झाडांना ओल सोडून जाता येत नाही. आणि पोफळीच्या बागेला तोच व्हाळ, तीच सावली, तोच सखल तुकडा लागतो. पश्चिम घाटात अशा दलदली बऱ्याच ठिकाणी भात आणि पोफळींखाली गेल्या. ज्या राहिल्या, त्यांतल्या काही देवाच्या धाकानं.

मग परड्यात रान कुठेच नाही का? आहे, वयीत. तिथे झाडू पोचत नाही. पांगाऱ्याच्या खुंटावर बुलबुल बसतो, विष्ठेतून बी टाकतो. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना मी आमची वय मोजायला लावली. कुणीही न लावलेली आसाणा, करवंद, जांभूळ, असे कोंब त्यांनी एकेक करून दाखवले. एका कोपऱ्यात चकचकीत, समोरासमोर पानांचं, तांबूस शेंड्याचं रोपटं होतं. रातांबा! मुलगी विचारत होती, “सर, नर की मादी?” म्हटलं, अजून सात वर्षांनी ये. यंदा गडी वय बेणायला (छाटून साफ करायला) आला, तेव्हा मी त्याच्या बरोबर फिरलो आणि त्या कोपऱ्यावर उभा राहिलो.