मानेला झटका बसतो तेव्हा

(दृश्य: सिग्नलला थांबलेली गाडी. मागून धक्का. पुढचं सगळं संथ गतीत.)

मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे रेटते, डोकं मात्र क्षणभर होतं तिथंच राहतं. साडेचार-पाच किलोंचं हे डोकं सात मणक्यांवर पेललेलं असतं. पहिल्या 100 मिलिसेकंदांच्या आसपास मानेला दुहेरी बाक येतो, खालचे मणके मागे आणि वरचे पुढे. एरवी मान अशी कधीच वाकत नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूला जे छोटे जोडसांधे असतात ते या झटक्यात चेपतात, त्यांचं आवरण ताणलं जातं. स्नायू आवळून मान सावरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तरीही माणूस गाडीतून उतरतो आणि "काही लागलं नाही" म्हणतो, कारण त्या क्षणी त्याला खरंच दुखत नसतं. दाह चढायला काही तास लागतात, म्हणून मान आखडल्याचं अनेकांना दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कळतं.

(दृश्य: तपासणीचं टेबल.)

व्यायामाचं नंतर. आधी हाड मोडलेलं नाही ना, हे पाहायचं. वय 65 किंवा त्याहून जास्त असेल, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं झालं असेल, डोक्यावर थेट आदळलं असेल, हातापायांत मुंग्या येत असतील, तर मान हलवून बघायची नाही. रुग्णाला आहे तसा ठेवून मदत बोलवायची. हातातली पकड सुटणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणं असू शकतात. मानेच्या एका बाजूला आधी कधी नव्हती अशी तीव्र कळ, सोबत डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, पापणी खाली येणं किंवा बोलताना जीभ अडखळणं, असं काही असेल तर मानेतली रक्तवाहिनी फाटल्याची शंका घ्यायची आणि लगेच रुग्णालय गाठायचं. अशा वेळी मान चोळणं, मोडून घेणं जिवावर बेतू शकतं.

एक्स-रेत हाडं दिसतात; ताणलेलं आवरण, दुखावलेला स्नायू दिसत नाही. रिपोर्टमध्ये 'मानेची नैसर्गिक कमान कमी झाली आहे' असं वाचून लोक हादरतात. हे वाक्य कधीही मान न दुखलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्येही सापडतं. त्याचा बाऊ करू नये.

(दृश्य: टेबलावर ठेवलेली कॉलर.)

हाड शाबूत आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर कॉलर शक्यतो नकोच. तिने बरं वाटतं हे खरं, पण आठवडेच्या आठवडे बांधून ठेवली तर स्नायू दुबळे पडतात, सांधे आखडतात आणि मान वळवायची भीती पक्की होते. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आयब्युप्रोफेन नको. शेक किंवा बर्फ, ज्याने बरं वाटेल ते, कापडात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं.

आता हालचाल. पाठ टेकून ताठ बसा. मान सावकाश एका बाजूला वळवा, ताण जाणवला की थांबा, परत मध्ये या. मग दुसरी बाजू. जागेपणी दर तासाला दोन्हीकडे दहा वेळा. कळ येईपर्यंत ओढायचं नाही.

(दृश्य: उताणी झोपलेली व्यक्ती. कॅमेरा गळ्याजवळ.)

दुसरा व्यायाम दिसायला क्षुल्लक, पण बहुतेकांचा हाच चुकतो. दुखापतीनंतर मणक्यांना अगदी लगटून असलेले आतले स्नायू ढिले पडतात आणि त्यांचं काम वरचे जाड स्नायू ओढून नेतात. आतल्यांना पुन्हा कामाला लावायचं आहे. उताणे झोपा. डोकं न उचलता हलकेच 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी किंचित खाली घ्या. कानामागून गळ्याच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूवर दोन बोटं ठेवा. तो बोटांखाली टणक होऊन वर आला, तर जोर जास्त लागतोय, अर्ध्यावर या. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. श्वास रोखू नका, दात आवळू नका. चौथ्या-पाचव्या वेळीच मान थरथरू लागली तर तिथंच थांबा. थकल्यावर पुन्हा वरचेच स्नायू पुढे येतात आणि चुकीचीच सवय पक्की होते.

व्यायामानंतर थोडं दुखून तासाभरात शमलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही तेवढंच दुखत असेल, तर संख्या निम्मी करा; व्यायाम बंद करू नका. दीड महिन्यानंतरही फरक नसेल किंवा दुखणं हातात उतरू लागलं, तर पुन्हा तपासून घ्या.

मागची गाडी बघण्याइतकी मान दोन्हीकडे वळत नाही, तोवर गाडी चालवू नये. नुसत्या आरशावर भागत नाही. चालवायला लागाल तेव्हा हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी उंच घ्या आणि डोक्यामागचं अंतर होईल तेवढं कमी ठेवा. मानेशी टेकेल इतकं खाली ठेवलेलं हेडरेस्ट झटक्याच्या वेळी डोकं अडवत नाही.