मंगळवारी समुद्राला सुट्टी

[पहाट. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांची रांग.]

मासेमारीचं बंदर बघायचं म्हणून एवढ्या लांब आलो आणि नेमका मंगळवार गाठला!

हे आक्रा, घानाची राजधानी. शहराचा हा जुना भाग जेम्सटाउन. इथला किनारा गा लोकांचा. समुद्राचा देव नाइ, आणि मंगळवार त्याचा. त्या दिवशी त्याला त्रास द्यायचा नाही, होडी पाण्यात घालायची नाही.

दिवस वाया गेला असं वाटलं खरं. पण सुट्टीच्या दिवशी माणसं घरी भेटतात, तसंच इथं झालं. होड्या जवळून बघता आल्या. तळ एका अख्ख्या खोडातून कोरलेला, वर फळ्या ठोकून उंची वाढवलेली, अंगभर रंग. एकीवर लिहिलेलं, ‘सी नेव्हर ड्राय’. समुद्र काही आटत नाही.

[जवळून: पायाचा अंगठा, ताणलेलं जाळं, सुई.]

तिच्या सावलीत एक आजोबा जाळं शिवत होते. पदर पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेला. जाळं हिरवं, पण हिरवा दोरा संपला असावा, कारण मधला हातभर तुकडा निळ्या दोऱ्यानं विणत होते. बरोबरच्या तिथल्याच पोराकरवी विचारलं, मासळी कशी आहे? आजोबांनी आधी कोपरापर्यंत हात दाखवला, मग नुसता तळवा. पूर्वी एवढी, आता एवढी.

समुद्र आटत नाही, मासळी आटते. बाहेर खोल पाण्यात ट्रॉलर फिरतात, किनाऱ्याशी या होड्या. 2019 साली सरकारनंच होड्यांवर महिनाभराची बंदी घातली. आपल्याकडं पावसाळ्यात असते तशी. मंगळवार मात्र कुठल्याच सरकारनं सांगितलेला नाही.

[लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ. त्यामागं किल्ल्याची भिंत.]

दीपस्तंभापासून चालत निघालात तर आधी इंग्रजांचा जेम्स फोर्ट लागतो, 1673 चा. पुढं डचांचा, 1649 चा, ज्याला आज अशर फोर्ट म्हणतात. किनाऱ्यानं पूर्वेला गेलं की ओसूला डेन्मार्कवाल्यांचा. एका किनाऱ्यावर तीन राज्यांच्या वखारी, आणि तिन्हीकडून माणसंसुद्धा विकली गेली.

जेम्स फोर्टचं पुढं तुरुंग झालं. स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी आणि पुढं देशाचे पहिले पंतप्रधान झालेले क्वामे एन्क्रुमा इथं कैदेत होते. 1951 च्या फेब्रुवारीत ते आतूनच निवडणूक जिंकले आणि इंग्रजांना त्यांना सोडावं लागलं.

पण आमचे पाय जास्त वेळ थांबले ते ओसूच्या वाटेवरच्या चौकात. दुसऱ्या महायुद्धात इथले शिपाई भारतमार्गे ब्रह्मदेशात नेले होते, जपान्यांशी लढायला. त्याच जंगलांत आपल्याकडचेही शिपाई होते. परत आल्यावर कबूल केलेलं काही हातात पडेना. 28 फेब्रुवारी 1948 ला हे माजी सैनिक गव्हर्नरला अर्ज द्यायला किल्ल्याकडं निघाले, हातात बंदूक नाही. पोलिसांनी गोळ्या घातल्या. अजेटेई, अटिपो, ओडार्टे लॅम्प्टे हे तिघे गेले. शहर पेटलं. नऊ वर्षांनी, 6 मार्च 1957 ला, देश स्वतंत्र झाला. आक्रातल्या लष्करी तळाचं नाव आजही ‘बर्मा कॅम्प’ आहे.

[ट्रोट्रोच्या दारात लटकलेला पोरगा. ‘सर्क, सर्क, सर्क!’]

परत यायला ट्रोट्रो. म्हणजे आपलं वडापच. ‘ट्रो’ म्हणजे गा भाषेत तीन पेन्स, एकेकाळचं भाडं. कंडक्टरला इथं ‘मेट’ म्हणतात. लांबूनच बोट खाली करून गोल फिरवलं की समजायचं, गाडी ‘सर्कल’ या मोठ्या चौकाला चालली.

उजव्या हातात कॅमेरा, म्हणून मी डाव्या हातानं पैसे पुढं केले. मेट नुसता बघत राहिला, घेईना. मागच्या बाईंनी जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं. आईनं लहानपणी ‘उजव्या हातानं दे’ म्हणून कितीदा हात मागं घ्यायला लावला असेल. पाच हजारांवर मैल ओलांडून तीच बोलणी खाल्ली. हात बदलला, तेव्हा बाई हसल्या आणि त्यांनी विचारलं, जन्म कुठल्या वारचा?

पत्रिकेतला वार आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला. सोमवार. ‘मग तू कोजो!’ शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. मुळात ही अकान लोकांची पद्धत, पण आक्रात कुणीही तुमचा वार विचारतं. उतरेपर्यंत अख्ख्या गाडीसाठी मी कोजो होतो.

[पानात गुंडाळलेला वाफाळता गोळा उघडताना.]

रात्री केंकी. मक्याचं आंबवलेलं पीठ कणसाच्या सालीत गुंडाळून शिजवायचं. सोबत तळलेला मासा आणि ‘शिटो’, सुक्या मासळीचा काळा, तेलकट, झणझणीत ठेचा. सुक्या जवळ्याची चटणी आवडत असेल तर अडचण येणार नाही. केंकीचा आंबटपणा मात्र पहिल्या घासाला आवडला नाही. तिसऱ्याला आवडला.

[बुधवार. अजून अंधार.]

पहाटे पुन्हा किनाऱ्यावर. वीसेक पोरं होडीला खांदा लावून उभी, खाली ओंडके सरकवलेले. एक हाळी, एक ढकल. मागच्यानं इंजिनाची दोरी ओढली, दोनदा नुसतं खोकलं, तिसऱ्यांदा लागलं.

आजोबा होडीत नव्हते, काठावरच उभे होते. होडीत जाळ्याचा हिरवा ढीग, त्यात हातभर निळं.